रुग्णसेवा, वैद्यकीय विवेक आणि समतेचा कायदा

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापड वाहून नेणाऱ्या मोटारीपुढे या गिरणी कामगाराने प्राणार्पण केले. प्रस्तुत लेखात मात्र या गावाचे स्मरण एका निराळ्या कारणासाठी करावयाचे आहे. अशा गावातील एखादी व्यक्ती आजारी पडली म्हणजे तिच्यापुढे कोणते मार्ग असतात? जवळपास खाजगी डॉक्टर असल्यास तो, शासनाचे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यापुढे घोडेगाव अथवा मंचर येथील शासकीय रुग्णालय, आणि तेथेही भागले नाही तर पुणे. तालुक्याच्या पश्चिमेकडे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या आदिवासी वाड्यांवर तर हे मार्ग आणखी अरुंद होतात.

पुणे शहरात एका डॉक्टरने ‘आपण दुसरीकडे जा’ असे सांगितले तर रुग्ण पुढच्या चौकातील दुसरा दवाखाना गाठतो. खेड्यात त्याच वाक्याचा अर्थ एक दिवसाची बुडालेली मजुरी, एस. टी. ची वाट आणि तोवर वाढलेले दुखणे असा होतो. डॉक्टरला रुग्ण नाकारण्याचे स्वातंत्र्य असावे की नसावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा शहरातील माणसे करतात. त्याची झळ मात्र ज्याला दुसरा डॉक्टर नाही त्याला लागते. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकीय परिषदेचा किंवा न्यायालयाचा नाही. पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनीही तो समजून घ्यावयास हवा.

थर्मामीटरचा प्रवास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका दलित शिक्षकाची हकीकत नमूद केली आहे. त्या शिक्षकाचे पत्र ‘यंग इंडिया’ मध्ये १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात प्रसिद्ध झाले होते. बाबू गेनू यांच्या हौतात्म्याच्या बरोबर एक वर्ष आधीची ही तारीख आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार होईना. गावातील प्रतिष्ठितांनी शब्द टाकला, दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. परंतु रुग्णास वस्तीबाहेर आणले पाहिजे, या अटीवर. दोन दिवसांच्या बाळासह त्या बाईला बाहेर आणण्यात आले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला आणि पतीने पत्नीला. त्याच मार्गाने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले व औषध पाठविले. रुग्णाला त्याने हात लावला नाही. प्रकृती बिघडल्यावर पुन्हा येण्यासही त्याने नकार दिला. ती स्त्री वाचली नाही.

या हकीकतीचे वैशिष्ट्य असे की, डॉक्टरने उपचार पूर्णपणे नाकारला, असे म्हणता येत नाही. तो आला, त्याने ताप पाहिला, निदान केले, औषध दिले व फीही घेतली. आपला धर्म आपण पाळीत आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असणार. पण छातीला नळी लावून ऐकल्याशिवाय, नाडी हाती घेतल्याशिवाय न्यूमोनियाच्या रुग्णाची तपासणी होत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते काय? अर्थात ठाऊक होते. त्याच्या वैद्यकीय ज्ञानाने जे करावयास सांगितले ते त्याच्या धर्मसमजुतीने करू दिले नाही. वैद्यकीय विवेक आणि वैयक्तिक सदसद्विवेक हे दोन शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. येथे ते एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले दिसतात.

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. सर्वसाधारण जनतेसाठी असलेल्या रुग्णालयात किंवा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा कलम ५ अन्वये अपराध असून, त्यास किमान एक महिना व कमाल सहा महिने कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. त्याहून सूक्ष्म तरतूद कलम ६ ची आहे. कोणतीही सेवा ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर इतरांना दिली जाते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी व त्याच अटींवर ती देण्याचे अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे हाही अपराध आहे. काठेवाडच्या त्या डॉक्टरने सेवा दिली होती; ठिकाण आणि अटी मात्र बदलल्या होत्या. कलमाची शब्दरचना पाहता, असे प्रसंग कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असावेत, असेच वाटते. याशिवाय कलम १२ अन्वये, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. कारण वेगळे होते, हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर असतो. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमातही २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस रुग्णालय, दवाखाना वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास अडथळा करणे अंतर्भूत करण्यात आले.

निवडीचे स्वातंत्र्य कोठवर

आता दुसरी बाजू पाहू. भारतीय वैद्यक परिषदेची व्यावसायिक आचारसंहिता २००२ मध्ये लागू झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. २००२ चीच नियमावली पुढे चालू राहिली. या नियमावलीत डॉक्टरला, आपण कोणाची सेवा करावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे, असे म्हटले आहे. त्याचबरोबर तातडीच्या प्रसंगी उपचार केलाच पाहिजे, मनमानीने कोणालाही नाकारू नये आणि आजार आपल्या अनुभवाच्या कक्षेबाहेरचा असेल तर रुग्णास दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवावे, असेही म्हटले आहे. नोंदणीच्या वेळी प्रत्येक डॉक्टर अशीही प्रतिज्ञा करतो की धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण वा सामाजिक स्थान यांना आपण आपल्या कर्तव्याआड येऊ देणार नाही.

वरवर पाहता या विधानांत विसंगती आहे. बारकाईने वाचल्यास मात्र एक सूत्र सापडते. जे कारण रोगाशी, डॉक्टरच्या कौशल्याशी किंवा उपलब्ध साधनांशी संबंधित आहे ते नियमावलीला मान्य आहे. जे कारण रुग्ण कोण आहे याच्याशी संबंधित आहे ते तिला मान्य नाही. ‘ही शस्त्रक्रिया मला येत नाही’, ‘येथे रक्तपेढी नाही’, ‘भूलतज्ज्ञ नाही’ ही कारणे पहिल्या प्रकारची होत. ती केसपेपरवर निःसंकोच लिहिता येतात. दुसऱ्या प्रकारची कारणे सहसा लिहिली जात नाहीत. तोंडी सांगितली जातात, किंवा तीही सांगितली जात नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते, नकार योग्य की अयोग्य हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही.

तातडीच्या उपचारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात संदिग्धता ठेवली नाही. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वारास पोलिसी प्रकरणे हाताळण्याची परवानगी नाही म्हणून एका रुग्णालयाने सुमारे २० किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले, व तो वाटेतच मरण पावला, अशा वृत्तावरून हे प्रकरण उभे राहिले होते. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचविण्याची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने सांगितले. शेतात सर्पदंश झालेला मजूर दारी आला असता प्रथम त्याची जात, पैसा वा कागदपत्रे पाहण्यास कोणासही मोकळीक नाही.

भीती आणि पुरावा

द्वेषापेक्षा भीती हे नकाराचे अधिक प्रामाणिक आणि म्हणूनच अधिक अवघड कारण आहे. ही भीती तुच्छ मानू नये. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढवा येथील एका आजारी दलित मुलास पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले; त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी संसर्गाचे भय खरे होते आणि संरक्षणाची साधने जवळजवळ नव्हती.

एच. आय. व्ही. चे भय निराळे आहे. दूषित सुई टोचल्याने एच. आय. व्ही. ची बाधा होण्याची शक्यता साधारणतः हजारात तीन इतकी असते. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यास हिपॅटायटिस-बी ची बाधा होण्याची शक्यता याच्या कित्येक पट अधिक असते. असे असूनही काविळीच्या रुग्णाला कोणी हाकलून लावीत नाही. सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावयाची असतात. महाराष्ट्रासह काही राज्यांत एच. आय. व्ही. वरील मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाला. नियमित औषध घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण दबलेल्या रुग्णापासून धोका आणखी कमी होतो.

एच. आय. व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. बाधित व्यक्तीस आरोग्यसेवा नाकारणे, मध्येच बंद करणे किंवा अन्यायाने वागविणे यास त्याने मनाई केली. एच. आय. व्ही. चाचणी ही उपचाराची पूर्वअट करता येत नाही, आणि रुग्णाच्या समजून दिलेल्या संमतीवाचून ती करताही येत नाही. तक्रारींसाठी राज्याने लोकपाल नेमावयाचा असून, तातडीच्या वैद्यकीय प्रकरणी त्याने शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे.

‘माझ्या वैद्यकीय मते धोका आहे’ असे डॉक्टरने प्रामाणिकपणे म्हटले, तर पुढे काय? हा प्रश्न अमेरिकेत थेट न्यायालयात गेला होता. मेन राज्यातील एका दंतवैद्याने एच. आय. व्ही. बाधित स्त्रीचा किडलेला दात आपल्या दवाखान्यात भरण्यास नकार दिला. रुग्णालयात ते काम करीन, तेथील जादा खर्च मात्र तिने सोसावा, असे त्याचे म्हणणे होते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या ब्रॅगडन विरुद्ध ॲबट खटल्यात असे स्पष्ट केले की, धोक्याचा निर्णय वैद्यकीय व वस्तुनिष्ठ पुराव्यावर झाला पाहिजे. डॉक्टर स्वतः वैद्यकतज्ज्ञ आहे एवढ्यावरून त्याच्या प्रामाणिक समजुतीला पुराव्याचे स्थान मिळत नाही. खटला पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेला व तेथे रुग्णाच्या बाजूने निकाल कायम झाला. वेळ, ठिकाण आणि अटी बदलून दिलेली सेवा हा काठेवाडातील प्रकारच पुन्हा येथे दिसतो.

याचा अर्थ बाधित रुग्णाची शस्त्रक्रिया केव्हाही पुढे ढकलू नये, असा मात्र नव्हे. रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर आधी औषधे सुरू करून ती काही काळाने करणे हा निर्णय रुग्णाच्या हिताचा असू शकतो. बाहेरून दोन्ही निर्णय सारखेच दिसतात. कारणे निरनिराळी असतात. म्हणून कारण लिहिणे महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट प्रशासनाने ध्यानात घ्यावी. याच अधिनियमाने कर्मचाऱ्यांना सुरक्षित वातावरण, संरक्षणाची साधने व प्रतिबंधक औषधे पुरविण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. हातमोज्यांचा साठा संपला असताना परिचारिकेला समतेचे परिपत्रक वाचून दाखविणे शोभणारे नाही.

श्रद्धेचा प्रश्न

गर्भपाताचा विषय याहून नाजूक आहे. येथे डॉक्टरला माणसाविषयी द्वेष नसतो किंवा रोगाची भीतीही नसते. कृतीच आपल्या श्रद्धेस पटत नाही, असे त्याचे म्हणणे असते. या विषयाचा अभ्यास करण्यासाठी १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात अधिनियम आला व १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्यात सदसद्विवेकाच्या कारणाने भाग न घेण्याची मुभा डॉक्टरला स्पष्टपणे दिलेली आहे. आपल्या अधिनियमात तशी तरतूद नाही. उलट, वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून गर्भपात वा संततिनियमनाच्या कामात साहाय्य नाकारू नये, असे २००२ ची नियमावली सांगते. आपण ते काम करण्यास सक्षम नाही, असे डॉक्टरला वाटणे हाच त्यास अपवाद आहे.

अधिनियमाने डॉक्टरच्या विवेकाला दूर सारलेले नाही. सद्भावनेने मत बनविण्याचे काम त्याच्याकडेच सोपविले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका व विहित प्रकरणी २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरीही पतीची सही मागणे, अविवाहितेस उपदेश करून परत पाठविणे असे प्रकार घडतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित असा भेद अमान्य केला आणि कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे बजावले. पतीची सही मागणाऱ्या डॉक्टरचा हेतू अनेकदा स्वसंरक्षणाचाच असतो, हे मान्य केले तरी त्या सहीसाठी थांबलेले दोन आठवडे त्या स्त्रीच्या खात्यावर पडतात.

अंतःकरणातून नको असलेले काम बळेच करून घेण्यात रुग्णाचेही हित नाही, हे म्हणणे विचारार्ह आहे. शहरात, तातडी नसताना, असा डॉक्टर रुग्णास सन्मानाने व विनाविलंब दुसऱ्याकडे पाठवू शकतो. पण शासकीय रुग्णालयात या कामासाठी प्रशिक्षण घेऊन नेमलेला एकमेव डॉक्टर तसे म्हणू लागला, तर त्याच्या श्रद्धेची किंमत तालुक्यातील स्त्रिया चुकवितात. स्त्रीचा जीव धोक्यात असेल तेव्हा तर प्रश्नच उरत नाही.

आणि तरीही डॉक्टरच्या विवेकाकडे केवळ अडथळा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. १९७६ मध्ये नसबंदीची उद्दिष्टे ठरवून दिली गेली, तेव्हा सक्तीच्या शस्त्रक्रिया शेवटी डॉक्टरच्याच हातून होत होत्या. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही. रुग्णाची संमती नाही म्हणून मी शस्त्र उचलणार नाही, असे म्हणणारा डॉक्टर त्या दिवसांत कायद्याहून मोठे काम करीत होता. तेथे विवेक रुग्णाच्या बाजूने उभा राहतो. रुग्णावर काहीतरी लादण्यास नकार देणे आणि रुग्णाला हवा असलेला कायदेशीर उपचार नाकारणे, यांत मोठे अंतर आहे.

गर्भलिंगनिदानाचा कायदा या संदर्भात थोडा उलट्या दिशेचा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम असा कायदा केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून लागू झाला. येथे रुग्णाने मागितलेली माहितीच डॉक्टरने द्यावयाची नाही, कारण तिच्यामुळे जन्माला येण्यापूर्वीच मुलीशी भेदभाव होतो. ‘फॉर्म एफ’ मधील किरकोळ चुकांसाठी प्रामाणिक डॉक्टरही खटल्यात ओढले जातात, ही व्यावसायिकांची तक्रार अगदीच निराधार नाही. तथापि नोंदी हाच या कायद्याचा कणा आहे, हे मानून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिथिल करण्यास नकार दिला.

गावच्या पातळीवर

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावयाची असते. ती लागली आहे काय, मराठीत आहे काय आणि नोंदणीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरात आहे काय, हे पाहण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. शिक्षकांच्या बाबतीत सांगावयाचे तर, एखाद्या मुलाच्या किंवा त्याच्या पालकांच्या एच. आय. व्ही. स्थितीची माहिती कामाच्या ओघात कळली तरी ती शिक्षकांच्या खोलीत पोचता कामा नये. कायद्यानेही ती गोपनीय आहे. पंचायत सदस्यांनी ‘अमक्याला कोणता आजार आहे’ असे आरोग्य सेविकेस विचारणे हा गावच्या आस्थेचा भाग समजला जातो. त्या आस्थेपोटीच अनेक रुग्ण गावातील केंद्र टाळून दूरच्या रुग्णालयात जातात.

रुग्णास पुढे पाठविताना दिल्या जाणाऱ्या संदर्भचिठ्ठीकडे विशेष लक्ष द्यावे. कोणत्या कारणाने पाठविले, तोवर कोणता उपचार दिला, कोणाशी दूरध्वनीवर बोलणे झाले, १०८ ची रुग्णवाहिका केव्हा बोलाविली, या चार गोष्टी तीत असल्या म्हणजे प्रामाणिक डॉक्टरला खटल्याची धास्ती राहत नाही आणि रुग्णाचा वाटेतील वेळही वाया जात नाही. ‘पुढील उपचारार्थ’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही उपयोगाची नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रंगरंगोटी व दुरुस्तीच्या खर्चाचे विषय नेहमीच येतात. मागील तीन महिन्यांत किती रुग्ण पुढे पाठविले आणि कोणत्या कारणांनी, हा विषय नावे वगळून त्याच विषयपत्रिकेवर घेण्यास नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.